बाकी एक घंगाळ

वाटणीला बसायचं ठरलं तेव्हा नानांनी सगळ्यांना फोन करून एकच सूचना दिली. वकील आणू नका, पेन्सिल आणा.

नाना म्हणजे आमचे थोरले काका. राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण तास अजून सुटलेला नाही, वर्गातली मुलं तेवढी बदलली. आता त्या वर्गात आम्ही पुतणे, नारळ पाडायला येणारा गडी, पोस्टमन आणि एसटीचे कंडक्टर बसतो. पोस्टमन पैसे हातात ठेवून "मोजून घ्या" म्हणाला की नाना विचारतात, "कुठल्या संचात मोजू?" तो बिचारा सायकलवर टांग टाकतो.

माझे वडील, अण्णा, हे मधले. गुडघ्यांमुळे ते डोंबिवलीतच राहिले आणि त्यांच्या वतीने मी गेलो. धाकटे भाऊकाका पुण्याहून आले, बरोबर काकू आणि पन्नास फुटी टेप. वाटायचं काय, तर घर, एक्केचाळीस गुंठे भातशेती, विहीर आणि माळ्यावरची भांडी. भाऊ तीन. "सोपं आहे," असं भाऊकाका म्हणाले, आणि दिवस तिथेच गेला.

"सोपं?" नाना झोपाळ्यावरून खाली उतरले. "बेरीज सोपी. वजाबाकी सोपी. गुणाकार तर तुम्ही सगळ्यांनी न शिकवता केलात. हा भागाकार आहे."

मग पाऊण तास आम्ही ओटीवर मांडी घालून क्लोजर प्रॉपर्टी शिकलो. तिला पुस्तकात जे जड नाव असेल ते असो, नाना तिला 'गडग्याचा नियम' म्हणतात. कोकणात घराभोवती चिऱ्यांचा जो बांध असतो तो गडगा. गडग्याच्या आतले कुठलेही दोन गडी घ्या, त्यांच्यावर एखादी क्रिया करा. उत्तर गडग्याच्या आतच पडलं तर ते घर त्या क्रियेपुरतं बंदिस्त. उत्तर एकदा जरी गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या परसात पडलं, तरी बंदिस्तपणा संपला. एकदा म्हणजे एकदाच. नव्याण्णव वेळा नीट वागल्याचं इथे कौतुक नाही. गणित या बाबतीत आमच्या मोठ्या काकूसारखं आहे.

नैसर्गिक संख्या घ्या. एक, दोन, तीन, चार. बेरीज करा, गुणाकार करा, आतच. पण तीनातून पाच वजा करायला सांगितलं की संपलं. दुसरीतल्या मुलाला विचारा, तो "जात नाही" म्हणेल. जात नाही हे खरं म्हणजे फार प्रामाणिक उत्तर आहे. पण वाण्याच्या दुकानात ते चालत नाही. खिशात तीन रुपये आणि सामान पाचाचं, तर वाणी "जात नाही" म्हणत नाही, वही काढतो. त्या वहीतून ऋण संख्या जन्माला आल्या. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त त्यांचे नियम मांडले ते धन आणि ऋण याच शब्दांत, म्हणजे संपत्ती आणि कर्ज. आपल्याला हे सहज पटतं, कारण कर्ज ही खरी वस्तू आहे याबद्दल इथे कुणाला कधी शंका नव्हती. इंग्लंडात फ्रान्सिस मासेरेस नावाच्या गृहस्थांनी १७५८ मध्ये, म्हणजे अकराशेवर वर्षांनी, बीजगणितातल्या ऋण चिन्हाविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांना वाण्याची उधारी ठाऊक नसावी.

तर धन, ऋण आणि मधलं शून्य मिळून झाले पूर्णांक. हे घर बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिन्हींना बंदिस्त. नाना म्हणाले, "आपलं घर बघा. सून आली, बेरीज. मुलं झाली, गुणाकार. एकेक जण मुंबईला गेला, वजाबाकी. पण गेलेलाही हिशेबातच. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, गणपतीला स्वतः यायचा. ऋण असला तरी पूर्णांक. साठ वर्षं गडग्याबाहेर काही गेलं नाही." इथे त्यांनी भाऊकाकांकडे पाहिलं. "आता भागा."

सात भागिले तीन. पूर्णांकांच्या घरात या प्रश्नाला उत्तर नाही. दोन पूर्णांक एक तृतीयांश, हा गडग्याबाहेरचा माणूस. त्याचं मराठी नावच 'अपूर्णांक', म्हणजे जन्मल्या जन्मल्या दाखल्यावर शेरा.

इथे मोठी काकू माजघरातून चहा घेऊन आली आणि तिने नानांना अडवलं. ही गोष्ट नानांच्या एकतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला जमली नव्हती. "अपूर्णांकांना एवढं घाबरायला काय झालं? आम्ही पावकी, निमकी, पाउणकी सगळं पाठ केलेलं आहे." आणि तिने चहाचा ट्रे हातात धरूनच औटकी सुरू केली. औट म्हणजे साडेतीन. औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा. साडेतीनाचा पाढा! मुलांना साडेतीनाचा पाढा घोकायला लावायचं हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मराठी माणसाचं साडेतीनाशी काहीतरी आतलं नातं आहे. मुहूर्त साडेतीन. शक्तिपीठं साडेतीन, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण आणि वणी अर्धं. पेशवाईतले शहाणे साडेतीन, आणि त्यातले अर्धे शहाणे नाना फडणवीस, कारण त्यांना लेखणी चालवता येई, तलवार नाही. राज्य टिकलं नाही तर तेही औटघटकेचं. एवढ्या अपूर्णांकांत नांदणाऱ्या समाजाला सात भागिले तीनची भीती घालणं म्हणजे मालवणच्या माणसाला मासा दाखवून दचकवणं.

"अपूर्णांक तोंडी लावायला ठीक आहेत," नाना म्हणाले. "पण बंबाचे दोन तृतीयांश करून दाखव."

काकू आत गेली.

मला वाटलं विषय भांड्यांवर आला. पण नानांनी पेन्सिल मागितली आणि वहीवर क्ष काढला. हल्लीच्या पुस्तकांत इंग्रजी एक्स छापतात. नाना अजून क्षच लिहितात. त्यांच्या मते एक्स हे चुकीच्या उत्तरावर मारायचं चिन्ह आहे, त्याला प्रश्नात बसवणं हे विद्यार्थ्याचं खच्चीकरण. शिवाय किरण जर क्ष-किरण असतील तर बीजगणितानेच काय घोडं मारलंय?

क्ष म्हणजे माहीत नसलेली रक्कम. आमच्या घरापुरतं बोलायचं तर भाऊकाकांचं पुण्यातलं उत्पन्न. क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, प्रत्येकाच्या पुढे एकेक सहगुणक, आणि सगळ्यांची बेरीज मांडली की झाली बहुपदी. क्ष छेदात बसवायचा नाही, वर्गमुळाखाली दडवायचा नाही, एवढीच अट. आता गंमत अशी की ही मंडळी दिसायला पूर्णांकांहून पार वेगळी, पण घरची रीत तीच. दोन बहुपदींची बेरीज बहुपदी, वजाबाकी बहुपदी, गुणाकार बहुपदी. भागाकार आला की यांचंही घर फुटतं. दोन गावांत राहणारी, एकमेकांना कधी न भेटलेली दोन कुटुंबं, आणि भांडण मात्र एकाच कारणावरून.

बहुपदींच्या बेरजेत एक नियम आहे तो मला शाळेत असताना कधी खटकला नव्हता, आता खटकतो. बेरीज फक्त सजातीय पदांची होते. पुस्तकात शब्दच हा आहे, सजातीय. क्षवर्ग क्षवर्गात मिसळेल, क्ष क्षमध्ये मिसळेल. पण क्षवर्ग आणि क्ष शेजारी शेजारी उभे राहतील, मध्ये अधिकचं चिन्ह ठेवतील, एकमेकांत मिसळणार नाहीत. लग्नातल्या दोन पंगतीच. बीजगणिताला आमच्या गावचा एवढा अभ्यास कुठून, कळत नाही. गुणाकारात मात्र हे सोवळं टिकत नाही. तिथे या कंसातल्या प्रत्येकाला त्या कंसातल्या प्रत्येकाला भेटावंच लागतं, कुणालाही गाळता येत नाही, आणि नवी पदं जन्माला येतात. नाना हे शिकवताना वर्गात मुद्दाम थांबत असत म्हणे. मुलं हसली की "समजलं" असं धरून पुढे जात.

बहुपदींचा दुसरा गुण म्हणजे त्या हातचा राखत नाहीत. सात अधिक आठ करताना आपण पाच मांडतो आणि एक हातचा धरतो. क्षच्या घरात सात क्ष अधिक आठ क्ष म्हणजे सरळ पंधरा क्ष, हातचा नाही, शेजारच्या घराला देणं-घेणं नाही. संख्या म्हणजे खरं तर वेषांतर केलेली बहुपदी, क्षच्या जागी दहा ठेवलेली. क्ष अधिक एकचा वर्ग केला की सहगुणक येतात १, २, १. अकराचा वर्ग १२१. घन केला की १, ३, ३, १. अकराचा घन १३३१. चौथा घात १, ४, ६, ४, १; आणि अकराचा चौथा घात १४६४१. पाचव्या घाताला सहगुणक १, ५, १०, १०, ५, १, पण अकराचा पाचवा घात १६१०५१. तिथे दहा आला, हातचा आला आणि चेहरा बदलला. हातचं राखून वागणाऱ्या माणसाचा चेहरा असाच पाचव्या-सहाव्या भेटीत बदलतो.

एका ठिकाणी मात्र बहुपदींचं घरही फसवं आहे. सगळ्या बहुपदी एकत्र राहिल्या तर बंदिस्त. पण त्यांतल्या फक्त दोन कोटीच्या, म्हणजे क्षवर्गाचा मान असलेल्या, तेवढ्यांनीच वेगळी सोसायटी काढली तर ती टिकत नाही. एकीकडे क्षवर्ग अधिक क्ष, दुसरीकडे वजा क्षवर्ग. दोघे एकत्र आले की क्षवर्ग खलास, उरतो नुसता क्ष. दोन प्रतिष्ठित माणसं एका ट्रस्टवर घेतली की जे होतं ते. नानांनी हे उदाहरण देताना गावच्या देवस्थानाच्या कमिटीतली नावं घेतली, ती मी इथे गाळतो.

भाऊकाकांचा धीर सुटत चालला होता. "मग जगात असं घर आहे का, जिथे भागाकार होतो?"

आहे. परिमेय संख्यांचं आहे, वास्तव संख्यांचं आहे. तिथे शून्य सोडून कुणालाही कुणानेही भागा, उत्तर आतच. अशा घराला जर्मन गणिती डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये 'क्योर्पर' म्हटलं, म्हणजे शरीर. अमेरिकेत ई. एच. मूर यांनी १८९३ मध्ये त्यालाच 'फील्ड' म्हटलं. आणि पूर्णांक-बहुपदींसारखी जी घरं तीन क्रियांत सुखी आणि चौथीला फुटणारी, त्यांना हिल्बर्टमुळे 'रिंग' हे नाव पडलं, म्हणजे अंगठी. फील्डचा मराठी अर्थ शेत! नाना इथे इतके हसले की ठसका लागला. ज्या घरात भागाकार कायम शक्य, त्याला शेत म्हणणारा माणूस महाराष्ट्रात जन्मलेला असणं शक्यच नाही. आपल्याकडे १९४७ सालापासून तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीची वाटणी ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली न्यायची नाही. मध्ये मध्ये सवलती मिळाल्या, पण मूळ कल्पना तीच, की शेत म्हणजे पूर्णांक, ते अपूर्णांकात जाता कामा नये. आणि हे सगळं ज्या कागदावर लिहायचं त्याचं नाव काय? सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकत्र लिहिले की दिसतो अपूर्णांक. सात छेद बारा. भागाकाराला बंदी आणि बंदीचा पुरावा छेदात.

सकाळीच तलाठ्यांना विचारून झालं होतं. एक्केचाळीस गुंठ्यांचे तीन तुकडे पडणार नव्हते. तिन्ही नावं एका सातबाऱ्यावर, शेत एकच. म्हणजे जमिनीचा निकाल वाटणीला बसण्याआधीच लागला होता. नानांनी तो पाऊण तास राखून ठेवला, इतकंच. हा मात्र हातचा.

"आणि शून्याने भागलं तर?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं सांगून टाकलं होतं. भास्कराचार्यांनी एखाद्या राशीला शून्याने भागलं तर जे मिळतं त्याला 'खहर' असं नाव दिलं आणि ते अनंत मानलं. हे भास्कराचार्य १११४ साली जन्मले, आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असं चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात आहे. नाना एकदा शाळेची सहल तिकडे घेऊन गेले होते. मुलांनी धबधबा पाहिला, नानांनी शिलालेख. "शून्याने भागाकार म्हणजे वारस नसलेली इस्टेट," ते म्हणाले. "भागायला कुणी नाही आणि सरकारजमा होते. अनंतात विलीन."

यानंतर आम्ही खरोखर भांड्यांकडे वळलो. माळ्यावरून सात मोठी भांडी खाली काढली. दोन हंडे, दोन तपेली, एक परात, एक बंब आणि एक घंगाळ. घंगाळ आजोबांच्या आंघोळीचं, तांब्याचं, दोन्ही बाजूंना कड्या, आणि रिकामं असतानाही दोन माणसं लागतील असं.

सात भांडी, तीन भाऊ. नानांनी वहीत लिहिलं: ७ = ३ × २ + १. पूर्णांकांच्या घरात भागाकार होत नाही, पण भागाकाराची एक सभ्य रीत आहे. जेवढं निःशेष जाईल तेवढं वाटायचं आणि उरेल ते उरलं म्हणून कबूल करायचं. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. यात बेरीज आहे, गुणाकार आहे, अपूर्णांक कुठेच नाही. सगळं गडग्याच्या आत. बहुपदींचंही तेच. क्षवर्ग अधिक एक याला क्ष वजा एकने भाग जात नाही. पण क्ष अधिक एक हा भागाकार आणि दोन बाकी, असं म्हटलं की कुणाला घर सोडावं लागत नाही. बाकी काढत काढत, बाकीनेच पुन्हा भागत जायची युक्ती युक्लिडकडे आहे, आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात आहे. आपल्याकडे पुढे तिला कुट्टक म्हणू लागले, कुटून कुटून बारीक करणारा. बेल्जियमकडच्या सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये तीच बहुपदींवर चालवली. मोठी काकू एवढंच म्हणाली की कुटायची कामं नेहमी बायकांनी केली आणि नाव आर्यभटाचं झालं.

भाऊकाकांनी वही ओढून घेतली आणि लिहिलं: ७ = ३ × १ + ४. "हेही बरोबर आहे की. एकेक घेऊ. चारांचं नंतर बघू, माझ्या ओळखीचा एक वकील..."

"बाकी भाजकापेक्षा लहान हवी!" नानांचा आवाज एकदम नववी ब मध्ये गेला. "पूर्णांकांत आकड्याने लहान, बहुपदींत कोटीने लहान. भावांपेक्षा भांडण मोठं ठेवायचं नाही. खोडा ते." भाऊकाका निवृत्त विभागप्रमुख. त्यांनी खोडलं.

मग रंगीत दोरे आले. भास्कराचार्य अनेक अज्ञात राशींना रंगांची नावं देत असत, कालक, नीलक, पीतक. नानांनी स्वतःच्या दोन भांड्यांना काळा दोरा बांधला, अण्णांच्या दोघांना निळा, भाऊकाकांच्या दोघांना पिवळा. मला तपेलं आणि परात आली. घंगाळाच्या कडीला तिन्ही रंगांचे दोरे बांधले आणि वहीत 'सामाईक' असं लिहून तिघांच्या सह्या झाल्या. अण्णांची मी केली.

आता हे सामाईक ठेवायचं कुणाकडे? इथवर सगळ्यांना घंगाळ हवं होतं. धाकट्या काकूंनी टेप लावला. व्यास त्यांच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या दारापेक्षा दोन बोटं जास्त. आमच्या डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये ते एकटंच गेलं असतं, आम्हाला जिना. काकू म्हणाल्या, "राहू दे इथेच, देवासारखं." भाऊकाका म्हणाले, "नाना, तुम्हीच वापरा." नाना म्हणाले, "मी बादलीने आंघोळ करतो." तीन भाजक आणि बाकीला कुणी घेईना.

शेवटी ते पडवीत ठेवलं, जिथे कौलं गळतात तिथे बरोबर खाली. चार पावसाळे झाले. दर आषाढात एका सकाळी सात वाजता डोंबिवलीला फोन वाजतो. पलीकडे नाना असतात. मागे पत्र्यावर पडतो तसा टणटण आवाज.

"घंगाळ काठोकाठ भरलंय. ओतायला दोन माणसं लागतील. भाऊला कळवलं." थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येतो. "बाकी काय म्हणतोस?"